आधी सिग्नेचर वाचा, कोड नंतर

प्रश्न थोडक्यात असा: काकांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद झालं. त्यातून एक पेंटियम ४ चा डेस्कटॉप (मागे पंचवीस पिनांचा प्रिंटर पोर्ट), एक यूएसबीएएसपी प्रोग्रामर (आयसीत प्रोग्राम भरणारं यंत्र), घरी केलेली प्रिंटर पोर्टाची प्रोग्रामिंग केबल आणि एका डब्यात मायक्रोकंट्रोलर आयसी, म्हणजे बारा ८९एस५२ (८०५१ जातीच्या), चार एटीमेगा८ (एव्हीआर जातीच्या), दोन १६एफ८७७ए (पीआयसी जातीच्या), एवढा ऐवज हाती आला. कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून, शक्यतो खिशाला हात न लावता, इचलकरंजीतल्या घरच्या यंत्रमागासाठी पिक (विणताना टाकला जाणारा आडवा धागा) मोजणारा काउंटर करायचाय. कॉलेजात कील (विंडोजवरचा ८०५१ चा कंपायलर) शिकवलं होतं, ते इथं चालणार नाही. मग काय वापरायचं? आणि यूएसबीएएसपी जोडला की एव्हीआरड्यूड (प्रोग्रामर चालवणारं सॉफ्टवेअर) दर वेळी ‘टार्गेट डझन्ट आन्सर’ एवढंच का म्हणतो?

होईल. मी असल्याच सामानावर शिकलो. आजही कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांचे कंट्रोलर बोर्ड दुरुस्त करताना माझ्या टेबलाखाली प्रिंटर पोर्टवाला एक डेस्कटॉप असतो. काउंटर एटीमेगा८ वर करा. ८९एस५२ हात बसवायला ठेवा, पीआयसी तूर्त डब्यातच राहू द्या. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी एक शिस्त लावून घ्या: आयसीची सिग्नेचर, म्हणजे तिच्यातला तीन बाइटांचा ओळख क्रमांक, बरोबर वाचता येईपर्यंत कोडची एक ओळही लिहायची नाही. जुन्या सामानावर अडणाऱ्या दहातल्या नऊ गोष्टी कोडच्या नसतात. त्या सप्लाय, ग्राउंड, क्लॉक आणि रिसेट या चौघांतल्या कुणाच्या तरी असतात. सिग्नेचर वाचली गेली म्हणजे चौघंही हजर आहेत. नाही वाचली, तर कंपायलर बदलून, ड्रायव्हर बदलून, ऑपरेटिंग सिस्टिम बदलून काही होत नाही.

सुरुवात ग्राउंडपासून करतो, कारण यात मी स्वतः भाजलोय. जुन्या घरात, दुकानात प्लगची तिसरी पिन बहुतेक वेळा नुसती शोभेला असते. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट निम्म्या मेन्सवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर मंद पेटतो, ते हेच. माणसाला त्याचं फार काही होत नाही. पण त्या कॅबिनेटचा प्रिंटर पोर्ट तुमच्या बोर्डाला लावताना ग्राउंडच्या आधी डेटाची पिन टेकली, तर तो सगळा व्होल्टेज आयसीच्या एका पायातून वाट काढतो. माझे दोन पोर्ट असे गेले. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मी चुकून बोर्डाला दुसऱ्या प्लगवरचा सप्लाय दिला होता. तेव्हा आधी अर्थिंग करून घ्या. ते होईपर्यंत सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, केबल जोडताना दोन्ही बाजू बंद ठेवा आणि ग्राउंडची तार सगळ्यात आधी, काढताना सगळ्यात शेवटी.

सप्लाय प्रिंटर पोर्टातून चोरू नका. त्याच्या डेटा पिना काही मिलीअँपियर देतात, तेवढ्यावर आयसी कधी चालते, कधी नाही, आणि हे ‘कधी’च माणसाला वेड लावतं. मोबाइलचा चांगला ५ व्होल्टचा चार्जर चालेल. डेस्कटॉपमधल्या हार्डडिस्कच्या चार पिनी कनेक्टरवरही लाल तारेत ५ व्होल्ट मिळतात, मधल्या दोन काळ्या तारा ग्राउंडच्या. पिवळ्या तारेत १२ आहेत, तिच्यावर टेप गुंडाळून टाका.

ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न दोन मिनिटांचा आहे. पेंटियम ४ च्या उशिराच्या काही मॉडेलांत ६४ बिटची सोय होती, आधीच्यांत नव्हती. ३२ बिटचाच असेल तर डेबियन १२ टाका. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. डेस्कटॉपचा थाटमाट नको, हलका विंडो मॅनेजर आणि टर्मिनल पुरे. आर्डुइनोचा नवा आयडीई २ फक्त ६४ बिटवर चालतो. ३२ बिटसाठी १.८.१९ आहे, पण १ जीबी रॅमवर जावा चालवून डोकं कशाला तापवायचं? जीसीसी-एव्हीआर, एव्हीआर-लिबसी, एव्हीआरड्यूड, मेक आणि एसडीसीसी ही पॅकेजं घेतली की काम भागलं. एटीमेगा८ ला ८ केबीच फ्लॅश असतो, एवढा कोड कंपाइल करायला पेंटियम ४ सुद्धा जास्तच आहे. डिस्कवर आधीचं एक्सपी असेल आणि ते पुसायचा धीर होत नसेल, तर विनएव्हीआरची (हीच एव्हीआरची हत्यारं, विंडोजसाठी) २०१० च्या जानेवारीतली शेवटची आवृत्तीही चालते. फक्त ते मशीन इंटरनेटला जोडू नका.

आता ‘टार्गेट डझन्ट आन्सर’. यूएसबीएएसपी हा थॉमस फिशल यांचा खुला प्रोग्रामर आहे. त्याच्या पोटातही एक एटीमेगा८च असते आणि ती यूएसबीचे सिग्नल चक्क सॉफ्टवेअरने काढते. बाजारात मिळतात त्या बहुतेक त्याच्या नकला, वाईट नसतात. लिनक्समध्ये यूएसबीची यादी काढली की ‘व्हॅन ओइयेन’ असं काहीतरी डच नाव दिसेल, दचकू नका, तोच तो. रूटने चालतो पण साध्या युजरने नाही, असं असेल तर यूडेव्हचा (लिनक्समध्ये डिव्हाइसच्या परवानग्या ठरवणाऱ्या भागाचा) एका ओळीचा नियम लिहावा लागतो: व्हेंडर १६सी०, प्रॉडक्ट ०५डीसी, मोड ०६६६. (आयडी आणि कमांड इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरं.)

एव्हीआरड्यूडला यूएसबीएएसपी सापडतोय, पण आयसी बोलत नाहीये. ब्रेडबोर्डवरच्या एटीमेगा८ चे पाय मोजा: १ रिसेट, ७ सप्लाय, ८ ग्राउंड, १७ मोसी (आयसीत जाणारा डेटा), १८ मिसो (आयसीतून येणारा), १९ एससीके (प्रोग्रामिंगचं घड्याळ). आणि २० व २२ विसरू नका, म्हणजे एव्हीसीसी आणि दुसरं ग्राउंड. हे दोन नुसते अॅनालॉगसाठी आहेत असं समजून लोक सोडून देतात. रिसेटला १० के रेझिस्टरने ५ व्होल्ट, सप्लायच्या पायाला चिकटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर.

हे सगळं बरोबर असूनही उत्तर येत नसेल, तर कारण जवळपास नक्की क्लॉकचं. नवी एटीमेगा८ आतल्या ऑसिलेटरवर १ मेगाहर्ट्झने चालते. प्रोग्रामिंगचं घड्याळ, म्हणजे एससीके, आयसीच्या घड्याळाच्या एक चतुर्थांशाच्या आत हवं. इथं २५० किलोहर्ट्झच्या आत. आणि यूएसबीएएसपी मुळातच ३७५ ने बोलतो. समोरचा हळू ऐकणारा, हा घाईने बोलणारा, मग उत्तर कसं येणार? एव्हीआरड्यूडला मोठा बी आणि १० दिलं की वेग ९४ किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो. पण नकलांमध्ये बऱ्याचदा जुनं फर्मवेअर असतं, त्याला हा हुकूम कळत नाही आणि ‘कॅनॉट सेट एससीके पिरियड’ असा इशारा येतो. लोक तो इशारा वाचून सोडून देतात. खरं उत्तर त्यातच आहे.

अशा वेळी प्रोग्रामरच्या बोर्डावर भिंग धरून पाहा, कुठेतरी जेपी३ लिहिलेली दोन भोकं दिसतील. मूळ डिझाइनमध्ये तिथं ‘स्लो एससीके’चा जंपर आहे, नकलेत तो बसवायचा खर्च वाचवलेला असतो. दोन पिनांची बर्ग पट्टी लावा नाहीतर तारेच्या तुकड्याने दोन डाग देऊन भोकं जोडा. वेग ८ किलोहर्ट्झवर येतो. पूर्ण ८ केबी भरून तपासायला मिनिटाच्या वर लागतो, पण मुकी आयसी बोलायला लागते. माझ्याकडे आलेल्या ‘मेलेल्या’ एटीमेगांपैकी निम्म्याअधिक अशा दोन डागांनी जिवंत झाल्या आहेत.

सिग्नेचर म्हणून १ई ९३ ०७ आलं की समजा एटीमेगा८ भेटली. तीनही शून्य किंवा तीनही एफएफ आले तर तारा तपासा. दर वेळी वेगळं काही आलं तर ग्राउंड सैल आहे किंवा केबल लांब आहे. वीतभर केबल पुष्कळ. आणि इंटरनेटवर कुणी ‘मोठा एफ लावा, होऊन जाईल’ असं सांगेल, तर ऐकू नका. तो पर्याय सिग्नेचर न जुळताही पुढे जायला सांगतो. म्हणजे नाडी लागत नसताना सलाइन लावण्यासारखं.

आता काकांची केबल. ती फेकू नका, तिचा एक खास उपयोग आहे. पण आधी ती कोणत्या जातीची ते ओळखायला हवं. पंचवीस पिनी कनेक्टरचं झाकण उघडा आणि मल्टिमीटर बझरवर ठेवून एकेक तार लावा. आत ७४एचसी२४४ आयसी असेल आणि तारा ६, ७, ९, १० वर जात असतील तर ती एसटीके२०० जातीची: ६ एससीके, ७ मोसी, ९ रिसेट, १० मिसो. आयसी नसून नुसते रेझिस्टर असतील आणि तारा १, २, ११, १६ वर असतील तर डापा: १ एससीके, २ मोसी, ११ मिसो, १६ रिसेट. ७, ८, ९, १० असतील तर एव्हीआरड्यूडमध्ये ‘बीएसडी’ नावाने मिळते ती. १८ ते २५ सगळं ग्राउंड. यांतली कुठलीच जुळत नसेल तरी बिघडत नाही: एव्हीआरड्यूडच्या कॉन्फिग फाइलमध्ये कोणती पिन कशाला हे चार ओळींत लिहिता येतं, आणि आकड्यापुढे ‘~’ टाकलं की पिन उलटी होते. खुल्या सॉफ्टवेअरचा मला जाणवलेला सगळ्यात रोकडा फायदा हाच. वीस वर्षांपूर्वी कुणी लहर आली तशी केलेली केबलसुद्धा त्याला चालते. केबलमध्ये रेझिस्टर नसतील तर प्रत्येक सिग्नलला ४७० ओहम घाला.

लिनक्सकडून पीपीडेव्ह आणि पारपोर्ट-पीसी ही दोन मॉड्यूल्स हवीत. प्रिंटरचं एलपी मॉड्यूल आधीच पोर्ट धरून बसलं असेल तर ते काढा, आणि स्वतःला एलपी ग्रुपात घाला. एव्हीआरड्यूड स्वतः सोर्समधून बांधणार असाल तर एक लक्षात ठेवा: नव्या आवृत्त्यांत प्रिंटर पोर्टाची सोय मुद्दाम चालू करावी लागते, नाहीतर तो नुसता ‘असा प्रोग्रामर नाही’ म्हणतो. एव्हीआरड्यूडमध्ये छोटा पी म्हणजे आयसी आणि मोठा पी म्हणजे पोर्ट, इथं पहिल्या दिवशी सगळेच ठेचकाळतात. हळू आयसीसाठी छोटा आय आणि १० दिलं की प्रत्येक बिटमागे तेवढे मायक्रोसेकंद थांबतो. आणि लॅपटॉपवर हेच करावं म्हणून यूएसबी-प्रिंटर केबल विकत आणू नका. ती फक्त प्रिंटरला अक्षरं पाठवते, एकेक पिन हलवू देत नाही. पीसीआय स्लॉटमधलं प्रिंटर पोर्टाचं कार्ड मात्र चालतं.

खास उपयोग कोणता, तर याच केबलने यूएसबीएएसपीचं फर्मवेअर बदलता येतं. त्याच्या बोर्डावर जेपी२ म्हणून दुसरी दोन भोकं असतात, ती जोडली की प्रोग्रामर स्वतःच टार्गेट होतो. त्यावर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असल्याने क्लॉकची अडचण नाही. फिशल यांचं २०११ चं फर्मवेअर भरलं की मोठ्या बीचा हुकूम कळायला लागतो, मग जेपी३ चे डागही काढता येतात. दुकानातलं सगळ्यात जुनं हत्यार नव्याला सुधारतं, हे बघायला मला अजूनही मजा येते.

सिग्नेचर मिळाली? मग आता फ्यूज, म्हणजे आयसीचं घड्याळ, रिसेट वगैरे ठरवणारी तिच्या आतली सेटिंगं (यांचे आकडे सगळे हेक्समधले), आणि इथं घाई नको. आधी आहेत ते वाचून वहीत लिहून ठेवा. नव्या एटीमेगा८ मध्ये लो फ्यूज ई१ आणि हाय फ्यूज डी९ असतात. फ्यूजमध्ये ० म्हणजे चालू आणि १ म्हणजे बंद, हे उलटं शास्त्र आहे. क्रिस्टल न लावता ८ मेगाहर्ट्झ हवे असतील तर लो फ्यूज ई४ करा.

एकदा रात्री उशिरा मी ई४ ऐवजी ई० टाइप केलं. ई० म्हणजे ‘बाहेरून घड्याळ येईल, वाट बघ’. आयसी तत्काळ गप्प. मेलेली नव्हती, नुसती घड्याळाची वाट पाहत होती. दुसऱ्या बोर्डवर टायमरने १ मेगाहर्ट्झचे चौकोनी पल्स काढले, ते हिच्या ९ नंबरच्या पायावर (एक्सटाल १) दिले, एससीके हळू ठेवला, आणि सिग्नेचर आली. मग ई४ लिहिलं. ही युक्ती लिहून ठेवा, कधी ना कधी लागणारच. ई० परवडला असं वाटायला लावणारी चूक मात्र वेगळीच आहे: हाय फ्यूजमध्ये डी९ ऐवजी ५९ गेलं, की रिसेटची पिन साधी पिन होऊन बसते. मग चार तारांवरून आत जायचा दरवाजाच बंद. त्यासाठी रिसेटवर १२ व्होल्ट देणारा समांतर प्रोग्रामर लागतो. टीएल८६६ जातीचं यंत्र कुणाकडे असेल तर मिनीप्रो नावाचं खुलं सॉफ्टवेअर ते लिनक्सवर चालवतं. नसेल तर ती आयसी कीचेनला लावा. माझ्याकडे अशा दोन आहेत.

मग पहिला कोड: एक एलईडी, एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. कंपायलरला एमएमसीयू एटीमेगा८, मोठा ओ छोटा एस, आणि एफ_सीपीयू तुमच्या खऱ्या घड्याळाएवढा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवलं तर डिलेची फंक्शन्स चुकीचा वेळ देतात. एफ_सीपीयू १६ मेगाहर्ट्झ लिहून आयसी १ वरच राहिली असेल तर एक सेकंदाचे सोळा होतील. एलईडी घड्याळाशी लावून बघण्यात कमीपणा नाही, मी अजूनही बघतो.

८९एस५२ कडे वळू. कॉलेजात हेच शिकल्यामुळे तुम्हाला ती जवळची वाटत असेल. पण चार तारांवरून प्रोग्राम करताना ती एव्हीआरपेक्षा तीन बाबतींत उलटी आहे. रिसेट एव्हीआरमध्ये खाली ओढून धरायचा, इथं वर. तिला आतला ऑसिलेटर नाही, म्हणून प्रोग्रामिंग करतानाही १८ आणि १९ नंबरच्या पायांवर क्रिस्टल लावलेला लागतो, आणि एससीके क्रिस्टलच्या एक सोळांशाच्या आत. ‘प्रोग्रामिंग सुरू’ हा हुकूम दोघींचा एकच, एसी ५३. पण एव्हीआर तिसऱ्या बाइटला ५३ परत म्हणते, ही चौथ्या बाइटला ६९ म्हणते. आता लक्षात येईल की एकाच प्रोग्रामरवर एक चालते आणि दुसरी ‘मेलेली’ का ठरते. डब्यात ८९सी५१ निघाल्या तर त्यांना चार तारांची सोयच नाही, त्या सरळ १२ व्होल्टवाल्या समांतर प्रोग्रामरच्या.

एव्हीआरड्यूडच्या तुमच्या आवृत्तीत ८९एस५२ आहे का ते आयसींच्या यादीत पाहा. असेल आणि यूएसबीएएसपीच वापरायचा असेल, तर रिसेटच्या तारेत बीसी५४७ चा उलटवणारा टप्पा घालून बघता येईल: बेसला १० के मधून प्रोग्रामरचा रिसेट, कलेक्टरला १० के ने ५ व्होल्ट, आणि कलेक्टरवरून आयसीचा ९ नंबर. प्रोग्रामर सोडून देतो तेव्हा बेस अधांतरी राहू नये म्हणून प्रोग्रामरच्या बाजूलाही १० के ने ५ व्होल्ट द्या. मी स्वतः मात्र वेगळा रस्ता धरला. डेटाशीटमध्ये अर्ध्या पानाचा एक तक्ता आहे: एसी ५३ ने शिरा, एसी ८० ने पुसा आणि अर्धा सेकंद थांबा, ४० आणि पत्ता देऊन एक बाइट लिहा, २० आणि पत्ता देऊन वाचा. प्रत्येक बाइट लिहायला अर्ध्या मिलीसेकंदाच्या आत. एवढंच. एका दुपारी एटीमेगा८ मध्ये शंभरेक ओळींचा प्रोग्राम घालून माझा स्वतःचा ८९एस५२ प्रोग्रामर झाला. तुमच्याकडे चार एटीमेगा आहेत, एक यात खर्ची घाला. पहिल्यांदा ६९ परत आलेलं पाहिलं तेव्हा जे कळलं, ते कॉलेजच्या दोन सेमिस्टरांत कळलं नव्हतं.

कंपायलर एसडीसीसी, संदीप दत्ता यांनी सुरू केलेला. कीलच्या मोफत आवृत्तीला २ केबीची मर्यादा आहे, याला नाही. कीलमधला कोड थोडा बदलावा लागतो. एसबिटच्या आधी दोन अंडरस्कोर, आणि पी१ टोपी ० ऐवजी अंडरस्कोर-अंडरस्कोर-अॅट लिहून कंसात बिटचा पत्ता, म्हणजे पी१.० साठी ०एक्स९०. इंटरप्ट फंक्शनलाही तसंच, नंबर कंसात. हेडर म्हणून एटी८९एक्स५२ घेतलं तर पी१_० ही नावं तयारच मिळतात. दोन ठिकाणी फसाल. एक, कीलमध्ये जुळवलेले मोजक्या फेऱ्यांचे डिले लूप इथं वेगळाच वेळ देतात, म्हणून टायमर वापरा. दोन, फंक्शनच्या आतली व्हेरिएबल्स स्टॅकवर नसून ठरलेल्या जागी असतात, त्यामुळे तेच फंक्शन मुख्य प्रोग्राममधून आणि इंटरप्टमधूनही बोलावलं तर एकमेकांची मूल्यं खातात. रॅम एकूण २५६ बाइट, जपूनच. सिरियलसाठी ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच क्रिस्टल घ्या, टायमरच्या टीएच१ रजिस्टरमध्ये एफडी घातलं की नेमके ९६०० मिळतात. १२ चा घेतलात तर कचरा छापेल.

बाजारात ८९सी५२ सारखीच दिसणारी एसटीसी कंपनीची ८९सी५२आरसी मिळते. तिच्यात सिरियल बूटलोडर (सिरियल पोर्टातून कोड घेऊन स्वतःच भरणारा छोटा प्रोग्राम) असतो, यूएसबी-सिरियलची साधी पट्टी आणि एसटीसीगॅल हे खुलं सॉफ्टवेअर पुरतं, प्रोग्रामर लागतच नाही. फक्त सॉफ्टवेअर वाट बघत असताना आयसीचा सप्लाय काढून परत द्यायचा. सीएच३४० ची पट्टी लावल्यावर पोर्ट क्षणभर दिसून गायब झाला तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज तो बळकावतंय. तुम्हाला लागत नसेल तर काढून टाका.

पीआयसीबद्दल फार लिहीत नाही. १६एफ८७७ए ला प्रोग्रामिंगसाठी सहसा १३ व्होल्टच्या आसपास लागतात. जेडीएम नावाचा जुना प्रोग्रामर ते डेस्कटॉपच्या खऱ्या सिरियल पोर्टातूनच उपसतो, यूएसबी-सिरियलवर त्याची डाळ शिजत नाही. पिककिट २ ची नक्कल मिळाली तर पीके२सीएमडी लिनक्सवर चालतं. असेंब्लीसाठी जीपीयूटिल्स चांगलं आहे. सी मात्र एसडीसीसीच्या ज्या भागातून करायचं, त्याकडे बरीच वर्षं कुणी नीट लक्ष दिलेलं नाही. दोन आयसींसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही.

मागाच्या काउंटरला एटीमेगा८ का, तर वीज गेली तरी आकडा राहिला पाहिजे, आणि तिच्यात ५१२ बाइट ईईप्रॉम आहे. ८९एस५२ मध्ये नाही. पण ईईप्रॉमचा एक बाइट १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते. माग मिनिटाला १५० पिक टाकतोय आणि तुम्ही प्रत्येक पिकला लिहिताय असं धरा: ६६७ मिनिटं, म्हणजे अकरा तासांत हमी संपली. पहिल्याच पाळीत! म्हणून मोजणी रॅममध्ये ठेवायची आणि वीज जाते तेव्हाच लिहायचं. ७८०५ च्या (५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या) आधीचा व्होल्टेज दोन रेझिस्टरांनी विभागून एडीसीवर, म्हणजे आयसीच्या व्होल्टेज मोजणाऱ्या पायावर घ्या. ईईप्रॉमचा एक बाइट लिहायला साडेआठ मिलीसेकंद लागतात, चार बाइटच्या आकड्याला ३४. रेग्युलेटरच्या आधी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २० मिलीअँपियरचा भार असेल तर १२ वरून ७ व्होल्टवर यायला पाव सेकंद मिळतो, भरपूर झाला. मात्र सात-सेगमेंटचे डिस्प्ले चालू असतील तर भार कित्येक पट असतो आणि तो पाव सेकंद हातात राहत नाही. तेव्हा व्होल्टेज पडताना दिसला की आधी डिस्प्ले बंद, मग लिहिणं. कपॅसिटरकडून मागे करंट जाऊ नये म्हणून त्याच्या आधी एक १एन४००७ डायोड, आणि व्होल्टेजचं माप डायोडच्या अलीकडून, सप्लायच्या बाजूने घ्यायचं, नाहीतर वीज गेलेली उशिरा कळेल.

फ्यूजही त्याप्रमाणे. लो फ्यूज २४ केला तर आतले ८ मेगाहर्ट्झ आणि ४ व्होल्टखाली आयसीला थोपवून धरणारा ब्राउनआउट, दोन्ही मिळतात. ब्राउनआउटशिवाय व्होल्टेज पडताना आयसी बरळते आणि ईईप्रॉममध्ये काहीबाही लिहून ठेवते. हाय फ्यूज डी१ केला तर नवा प्रोग्राम भरताना ईईप्रॉम पुसला जात नाही, जुना आकडा शाबूत राहतो. शून्य नंबरच्या पत्त्यावर मी सवयीने काहीच ठेवत नाही.

सेन्सर २४ व्होल्टचा प्रॉक्सिमिटी असेल तर तो सरळ आयसीला नको. २.२ के मधून पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल नेऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारी आयसी), आणि त्याचा ट्रान्झिस्टर ४ नंबरच्या पायावर, म्हणजे बाहेरच्या इंटरप्टवर. दोन्ही बाजूंची ग्राउंड जोडू नका, जोडली तर ऑप्टो लावून काही उपयोग नाही. मागाच्या मोटरचा स्टार्टर पडला की एखादा पिक जास्त मोजला जात असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या पिकनंतर १५० मिलीसेकंदांच्या आत आलेला पल्स टाकून द्या. १५० च्या वेगाला खरे पिक ४०० मिलीसेकंदांच्या अंतराने येतात, एवढ्या लवकर आलेला पल्स मागाचा नसतोच.